छंदाची सोयरीक



माणसाला माणूस मिळतो तो कुठून, एवढ्याच साध्या प्रश्नाचा आज आपण विचार करणार आहोत. भाऊबंद जन्माने मिळतात. सोयरेधायरे लग्नाने मिळतात. शेजारी मिळतो तो वाडवडिलांनी जिथे घर बांधले त्या जागेमुळे. या तिन्ही ठिकाणी आपली निवड फारशी चालत नाही. पदरी पडले ते पवित्र मानून आपण चालतो, आणि बहुतेकांचा संसार त्यावर नीट होतोही. पण यांखेरीज एक चौथे नाते आहे. दोघांना एकाच गोष्टीचा नाद असतो. भजनाचा म्हणा, नाटकाचा म्हणा, पाखरांचा किंवा पुस्तकांचा म्हणा. त्या नादापायी ते एका ठिकाणी येऊन बसतात. जात वेगळी, वय वेगळे, कधी गावही वेगळे. एरवी रस्त्यात भेटले असते तर 'राम राम' करून आपापल्या वाटेने गेले असते. या नात्याला मी छंदाची सोयरीक म्हणतो. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जंगलाच्या मुलखाला या सोयरिकीची गरज अधिक आहे, आणि ती टिकवायची तर काही पथ्ये सांभाळावी लागतात, हे मला आज सांगायचे आहे.

गरज अधिक का, ते आधी पाहू. गडचिरोली जिल्हा १९८२ साली जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या नकाशावर उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंचापर्यंत बोट फिरवा. कोरचीकडे छत्तीसगढी कानावर पडते, सिरोंचाकडे तेलुगू. भामरागड-एटापल्लीच्या रानात माडिया बोलतात. चामोर्शी-मुलचेऱ्याच्या काही गावांत पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली आहे, आणि वैनगंगेच्या काठाने आपली झाडीबोली. अशा मुलखात परजिल्ह्यातला एखादा तरुण शिक्षक नेमणुकीवर येतो. शाळा सुटली, पोरे घरी गेली, की खोलीत तो आणि त्याचा स्टोव्ह. बारावी होऊन घरी बसलेली मुलगी असते. तिच्या मैत्रिणी लग्न होऊन गेलेल्या. नोकरीच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन गावी परतलेला मुलगा असतो. तो पारावर बसायलाही लाजतो. खेड्यात एकटेपणा नसतो असे शहरातले लोक म्हणतात. त्यांनी या तिघांना विचारावे.

आता कोणी म्हणेल, ही छंदाची मंडळे वगैरे शहराकडची थेरं, आमच्याकडे कुठे चालायची? पण ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. लगतच्या छत्तीसगडात 'मितान' बदण्याची जुनी रीत आहे. दोन माणसे, पुष्कळदा वेगवेगळ्या जातींची, देवासमोर एकमेकांना फूल किंवा प्रसाद देऊन मित्र होतात, आणि त्या दिवसापासून एकमेकांना नावाने हाक न मारता 'मितान' म्हणतात. पुढे दोन्ही घरची सुखदुःखे एक होतात. म्हणजे मैत्री हे नाते आहे आणि त्याला मान द्यावा, हे शहाणपण या मातीला ठाऊक होते.

आणि आपली झाडीपट्टी पाहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या पट्ट्यात दिवाळी उलटली की मंडईचे दिवस लागतात. दंडार उभी राहते, नाटकाचे फलक झळकतात. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक मंडळ्यांची कार्यालये उघडतात. गावोगावचे लोक तिथे जाऊन नाटक ठरवून येतात. रात्री पडदा उघडतो तो उजाडेपर्यंत. आज या रंगभूमीवर पोटासाठी काम करणारे पुष्कळ कलावंत आहेत, आणि परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या देशाने तिची नोंद घेतली. पण या झाडाचे मूळ हौसेत आहे. धान कापून झाले की गावातल्याच पोरांनी तालमी घ्यायच्या. राजाची भूमिका करणारा दिवसा नांगर धरणारा, पेटी वाजवणारा शिंपी, आणि नाटकाची वही हातात धरून आडोशाने संवाद सांगणारे शाळेचे गुरुजी. महिनाभर रोज रात्री एकत्र बसल्यावर या लोकांत जो जिव्हाळा होई, तो पुढे शेताच्या बांधावर उपयोगी पडे. भांडणे होत नसत असे नाही. राजा कोणी व्हायचे यावरून जितकी भांडणे झाली असतील तितकी बांधावरूनही झाली नसतील! पण नाटकाची रात्र ठरलेली असे, म्हणून भांडण मिटवावेच लागे. एक ठरलेले काम पुढे असले की माणसे एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकतात.

याच मंडईत आणि नाटकाच्या निमित्ताने लग्नेही जुळत आली आहेत. लेकी माहेरी येतात, घर पाहुण्यांनी भरते, आणि त्या गर्दीत कोणाची मुलगी लग्नाची आहे, कोणाचा मुलगा कामाला कसा आहे, याची चौकशी होते. हा मुद्दा ध्यानात ठेवा. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आता वाचनाकडे वळू. नाटक दहा जणांचे असते, पण वाचन हे एकट्याने कोपऱ्यात बसून करायचे काम, अशी आपली समजूत झाली आहे. ती शाळेने करून दिली. आपल्या आजोबा-पणजोबांना ती नव्हती. श्रावणात एकाने पोथी वाचायची आणि दहा घरच्यांनी ऐकायची, मध्येच थांबवून अर्थ विचारायचा, ही त्यांची रीत. ज्याला अक्षर येत नव्हते तोही या रीतीने वाचक होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हीच रीत हाती धरली. त्यांची 'ग्रामगीता' १९५५ सालची. शेतकऱ्याला ऐकून समजेल अशा ओव्यांत, एकेचाळीस अध्यायांत त्यांनी गावाचे सगळे जीवन मांडले. गुरुदेव सेवा मंडळाची माणसे संध्याकाळी प्रार्थनेला जमतात, खंजिरीवर भजन होते आणि ग्रामगीतेचे वाचन होते. आपल्या चिमूरशी तर महाराजांचे जुने नाते आहे. तेव्हा एकत्र बसून वाचणे ही परक्यांची देणगी नव्हे.

एकत्र ऐकण्याने काय फरक पडतो, याचा एक प्रयोग आपल्याच राज्यात होऊन गेला आहे, आणि तो आकाशवाणीचाच आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात गावकऱ्यांचे एक मंडळ केले. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, ऐकून झाले की आपसात बोलायचे, आणि शंका असतील त्या पत्राने केंद्राला कळवायच्या. कल्पना मूळ कॅनडातली. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे होती. पुण्याच्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरीही गावे घेतली होती. काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते. काहींत दोन्ही नव्हते. तपासणीत असे दिसले, की जिथे मंडळ बसत होते तिथे लोकांची माहिती चांगलीच वाढली, आणि नुसत्या रेडिओच्या गावांत तितकी वाढली नाही. म्हणजे आवाज तोच, यंत्र तेच. फरक पडला तो शेजारी बसलेल्या माणसाने 'मला नाही पटत' म्हटल्यामुळे.

पण याहूनही जवळचे आणि मोलाचे उदाहरण धानोरा तालुक्यात आहे. मेंढा हे लेखा गावालगतचे गाव, म्हणून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभरेक घरांची गोंड वस्ती. १९८० नंतरच्या दशकात चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल या गावी येऊ लागले. गावचे देवाजी तोफा आणि ते, या दोघांची मैत्री जमली. एक शहरातून आलेला शिकलेला कार्यकर्ता, दुसरा रानातला माणूस. दोघांनीही एकमेकांचे विद्यार्थी व्हायचे ठरवले. या मैत्रीतून आणि गावाच्या बैठकांतून जी गोष्ट उभी राहिली तिला तिथे 'अभ्यास गट' म्हणतात.

या गटाची रचना नीट ऐका, कारण तिच्यात मोठी युक्ती आहे. अभ्यास गटात कोणीही यावे. गावचा असो की बाहेरचा. विषय कोणताही घ्यावा. जंगल, मधमाश्या, दारू, कायदा. जाणकार माणसाला बोलावून विचारावे. मनात येईल ती शंका बोलावी. पण अभ्यास गटाने निर्णय मात्र करायचा नाही. निर्णय करायचा तो ग्रामसभेने, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने. यामुळे काय होते? गटात बसलेल्या माणसाला जिंकायचे नसते. हात वर करून मते मोजायची नसतात, म्हणून आज एक बोलून उद्या दुसरे बोलायची मोकळीक राहते. विरोध करणारा शत्रू ठरत नाही. मैत्रीला लागते ती हीच हवा.

मग या बसण्या-बोलण्यातून पुढे काय निघाले? मध काढताना पोळे जाळायचे नाही, माश्या मारायच्या नाहीत, अशी पद्धत गावाने अंगीकारली. २००६ साली वनहक्क कायदा झाला. तो गावाने समजून घेतला होता, म्हणून २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मेंढ्याला मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याचे नाव आहे. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा आता दूरवर माहीत आहे. पण तिच्यामागे वर्षानुवर्षे सतरंजीवर बसून केलेला अभ्यास आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले. शहरातला एक माणूस आणि रानातला एक माणूस यांनी एकत्र बसून शिकायचे ठरवले तर काय होऊ शकते, ते त्यांनी आणि देवाजींनी आपल्याला दाखवून ठेवले आहे.

जगातही असेच घडत आलेले दिसते. बेंजामिन फ्रँकलिन हा छापखान्यातला तरुण. त्याने १७२७ साली फिलाडेल्फियात आपल्यासारख्या कारागिरांना जमवून शुक्रवारच्या बैठका सुरू केल्या. पुस्तके महाग, म्हणून सर्वांनी मिळून ती घ्यावीत अशी कल्पना त्यातूनच निघाली, आणि १७३१ साली वर्गणीचे ग्रंथालय उभे राहिले. स्वीडनमध्ये ऑस्कर ओल्सन या शिक्षकाने १९०२ साली लुंड गावी पहिले अभ्यासमंडळ सुरू केले. तिथे शिक्षक आणि विद्यार्थी असा भेद नव्हता. दहा-बारा जणांनी एक पुस्तक घेऊन बसायचे आणि आपसात बोलायचे. पुढे त्या देशात अशी मंडळे गावोगाव पसरली. मेंढ्याच्या सतरंजीत आणि लुंडच्या बाकांत फारसे अंतर नाही.

आता ज्या गोष्टीवर असे मंडळ मोडते तिच्याविषयी स्पष्ट बोलतो. मंडळ पैशावाचून मोडत नाही, पुस्तकांवाचूनही मोडत नाही. ते मोडते कुजबुजीने. पाच-सात मुलगे आणि तीन-चार मुली शनिवारी संध्याकाळी शाळेत पुस्तक वाचायला बसतात. तिसऱ्या शनिवारी विहिरीवर कोणी तरी विचारते, "काय वो, पोरगी वाचाले जाते का भेटाले जाते?" चौथ्या शनिवारी एक मुलगी येत नाही. पाचव्या शनिवारी एकही मुलगी येत नाही. महिन्याभराने मुलगेही पांगतात. या कुजबुजीची सगळी किंमत मुलीने भरायची असते, हे तुम्ही-आम्ही सर्व जाणतो. तिचे पुस्तक जाते, मैत्रिणी जातात आणि पुष्कळदा पुढचे शिक्षणही जाते.

या प्रश्नाला आपल्याच भागातले एक जुने उत्तर आहे. गोंड-माडिया गावांत गोटूल असते. या गोटुलाविषयी बाहेर फार वेडेवाकडे बोलले गेले. व्हेरियर एल्विन यांनी बस्तरच्या मुरिया लोकांच्या घोटुलावर १९४७ साली मोठा ग्रंथ लिहिला. तो न वाचताच लोकांनी त्याचे भलते अर्थ काढले, आणि ते सगळीकडच्या गोटुलांना चिकटवले. आपल्याकडचे गोटूल म्हणजे गावाच्या बैठकीची, पाहुण्याच्या उतरण्याची आणि तरुणांच्या नाचगाण्याची जागा. ती गावाने बांधलेली आणि गावाच्या नजरेसमोर असलेली. तिथले तत्त्व असे, की तरुण-तरुणी एकमेकांना भेटणारच. तेव्हा चोरून भेटण्यापेक्षा सर्वांच्या मानाच्या जागी भेटोत. मंडईत लग्ने जुळतात याला आपण हसून मान देतो. मग पुस्तकापाशी दोन माणसांची ओळख झाली तर ती का खुपावी? पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी पोहे देते आणि मुलगा खाली मान घालून खातो, तेवढ्या पंधरा मिनिटांत जन्माचा निर्णय होतो. त्यापेक्षा वर्षभर एका मंडळात बसलेल्या मुलामुलींना एकमेकांचा स्वभाव अधिक ठाऊक असतो. कोण दुसऱ्याचे ऐकून घेतो, कोण मध्येच तोडतो, कोणाला हरल्यावर राग येतो, हे सगळे तिथे दिसते. अशा ओळखीतून कधी लग्न ठरले तर आनंद आहे. आणि नुसती मैत्रीच राहिली, जी बहुतेक वेळा राहते, तर तोही आनंदच आहे. मंडळाने जुळवाजुळव करू नये आणि पहाराही करू नये.

गुरुजींनो आणि बाईंनो, आता चार गोष्टी खास तुमच्यासाठी. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. डॉ. कलाम यांच्या जन्मदिवशी, १५ ऑक्टोबरला, आपण वाचन प्रेरणा दिनही साजरा करतो. त्या दिवशी शाळेची आलमारी उघडते, पुस्तके मांडली जातात, छायाचित्र काढले जाते आणि आलमारीला पुन्हा कुलूप लागते. हे कुलूप आठवड्यातून एकदा उघडले तर किती बरे होईल!

पहिले पथ्य वाराचे आणि वेळेचे. वार एकच ठेवा, आणि दोनच माणसे आली तरी बसा. मोहफुलाचे, तेंदूपत्त्याचे आणि धानाच्या रोवणी-कापणीचे दिवस मात्र सोडा. त्या दिवसांत कोणी येणार नाही हे आधीच ठरवून सुट्टी जाहीर करा, म्हणजे मंडळ 'बंद पडले' असे कोणी म्हणणार नाही. दुसरे पथ्य वाचण्याचे. पुस्तक एकच असावे आणि ते मोठ्याने वाचावे, म्हणजे अक्षर न येणारी आजीही मंडळाची सभासद होते. गोष्ट मराठीत वाचली तरी बोलणे माडियात, तेलुगूत, बंगालीत होऊ द्या. एखाद्या पाखराचे नाव पुस्तकात एक असेल, आजीजवळ दुसरे असेल. ते वहीत टिपा. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत रानातल्या माणसांशी मैत्र जोडून अशीच नावे गोळा केली, म्हणून मराठीला 'पक्षिकोश' मिळाला. तिसरे पथ्य बसण्याचे. सर्वांनी गोल बसावे. गुरुजींची खुर्ची त्या तासापुरती वर्गातच राहू द्यावी. चौथे पथ्य मुलींचे. मंडळ उजेडी बसवा, दार उघडे ठेवा, आणि एखाद्या शनिवारी मुलींच्या आयांनाही बोलवा. एकदा आई स्वतः येऊन बसली, की विहिरीवरच्या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस विहिरीवरच तयार होते. शिक्षकाने हे काम अंगावर घ्यायला हवे, कारण गावात त्याच्या शब्दाला वजन असते. कुजबुज सुरू झाल्यावर तो गप्प राहिला तर ती खरी मानली जाते.

आता पुष्कळांच्या हाती मोबाइल आहे. दूरच्या वाचकांशी, पक्षिप्रेमींशी, नाट्यवेड्यांशी त्यावरून मैत्री होते. तिला मी नावे ठेवणार नाही. भामरागडच्या रानात नेमणुकीवर असलेल्या शिक्षकाला पुण्याच्या एखाद्या वाचकाचे चार शब्द मिळाले तर त्याची संध्याकाळ बरी जाते. पण ताप आला तर डॉक्टरकडे घेऊन जाणारा मित्र हाकेच्या अंतरावर लागतो. आणि ती बारावी झालेली मुलगी, तो परीक्षेत नापास झालेला मुलगा, हे त्याच गावात, त्याच्या खोलीपासून चार घरांवर बसलेले आहेत. तिघांनाही गोष्टी आवडत असतील, कोण जाणे! कोणी विचारलेलेच नाही.

तेव्हा येत्या शनिवारी आलमारीचे कुलूप काढा, एक पुस्तक बाहेर घ्या, आणि त्या दोघांना निरोप धाडा. तिसरे माणूस तुम्ही आहातच. मंडळ सुरू व्हायला तीन माणसे पुरतात.